स्वस्त घ्या, पण हलके घेऊ नका

मैत्रिणींनो, तुमच्या माळ्यावर किंवा पलंगाखालच्या ट्रंकेत एक तरी डबा असा असेलच, की जो उघडला की जीव थोडा खट्टू होतो. अर्धा विणलेला स्वेटर, दोनच पाकळ्या भरलेला टेबलक्लॉथ, वाळून दगड झालेले रंग. हौसेने सामान आणले, चार दिवस बसलो, जमले नाही, डबा बंद. आणि वर स्वतःलाच बोल लावला, “माझ्या हातातच ती कला नाही!”

माझ्याही घरात असा एक डबा होता. त्यात मासे पकडण्यासाठी लागणाऱ्या खोट्या माश्या बांधण्याचे सामान होते. हसलात ना? मीही हसले असते. पण त्या डब्याने आमच्या घरात दहा महिने रडू आणले होते, म्हणून त्याची गोष्ट सांगायला बसले आहे. तुमचा डबा भरतकामाचा असो की काचेवरच्या चित्रांचा, गोष्ट तुमच्याही कामाची आहे.

मी मूळची सावंतवाडीची. लग्न होऊन १९७९ साली इंग्लंडमध्ये लीड्सला आले. हे इथे यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने ह्यांना रविवारी व्हार्फ नदीवर नेले आणि तिथून हे मासे पकडण्याचे वेड घरात शिरले. इथल्या नद्यांत ट्राउट नावाचा ठिपकेदार मासा असतो. तो पाण्यावरचे आणि पाण्यातले बारीक किडे खातो. म्हणून बोटाच्या नखाएवढ्या गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून हुबेहूब किडा करायचा आणि लांब काठीने तो पाण्यावर अलगद टाकायचा. ह्या नकली किड्याला इथे ‘फ्लाय’ म्हणतात. आपण माशीच म्हणू.

पहिल्या दिवशी हे घरी आले ते रिकाम्या हाताने. मी म्हटलं, “मिळाला नाही वाटतं?”

“मिळाला की! चांगला वीतभर होता. सोडून दिला.”

मला काही कळेचना. आमच्या कोकणात गरवायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने आला, तर घरातली बाई वाटलेल्या मसाल्याकडे बघून सुस्कारा सोडते. आणि इथे हातात आलेला मासा पाण्यात सोडून हसत घरी येतात! पुढे समजले की नदीत मासे टिकावेत म्हणून बरेच लोक असेच करतात. गळालाही उलटा काटा ठेवत नाहीत, म्हणजे माशाला इजा कमी होते. मग मीही म्हटले, असू दे बापडी एक हौस. दारू नाही, पत्ते नाहीत, नदीकाठी उभे राहतात एवढेच. माश्या दुकानातून तयार आणायचे. त्यातल्या निम्म्या झाडांच्या फांद्यांत अडकतात.

२०१८ च्या ऑक्टोबरात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. देवाच्या दयेने बोलणे शाबूत राहिले, पायही महिन्याभरात चालू लागला. उजव्या हाताची बोटे मात्र ऐकेनात. इस्पितळातल्या बाई म्हणाल्या, बोटांना बारीकसारीक काम देत राहा. मी ह्यांना डाळ निवडायला दिली, मटार सोलायला दिले, कपड्यांचे चिमटे लावायला दिले. चार दिवसांत हे वैतागले. “अगं, मी काय बालवाडीत बसलोय का?”

तेव्हा माझ्या डोक्यात आले की, ह्यांच्या आवडीचेच काम द्यावे. वाढदिवस जानेवारीत होता. एका जाहिरातीत माश्या बांधायच्या सामानाची पेटी पाहिली. लाकडी पेटी, आत गळ धरायचा व्हाइस, कात्री, रंगीबेरंगी पिसे, लोकर, चमकीचे दोरे, पन्नास प्रकारच्या वस्तू, आणि किंमत अवघी ४५ पौंड. एवढ्या पैशांत एवढे सामान! मी लगेच मागवली.

आता हा व्हाइस म्हणजे काय ते सांगते. लोहाराकडे लोखंड पकडून ठेवायचा पकड-शेगडा असतो ना, त्याचेच बोटभर रूप. टेबलाच्या कडेला तो घट्ट बसवायचा आणि त्याच्या जबड्यात गळ धरायचा, म्हणजे दोन्ही हात बांधायला मोकळे राहतात.

ह्यांनी मोठ्या उत्साहाने पेटी उघडली. गळ लावला, दोरा गुंडाळला, थोडा ताणला, आणि गळ टुणकन उडून खाली. पुन्हा लावला, पुन्हा उडाला. असे दहा-बारा वेळा झाले. मी स्वयंपाकघरातून पाहात होते. शेवटी ह्यांनी हात मांडीवर ठेवला, त्याच्याकडे बघितले आणि हळूच म्हणाले, “हात गेला गं माझा.”

चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्या तोंडून असा आवाज ऐकला नव्हता. पेटी कपाटात गेली. त्यानंतर काठीही गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहिली ती राहिलीच. डाळ निवडणेही बंद. बोटांचे व्यायामही बंद. “कशाला उगाच?” एवढेच म्हणायचे.

दहा महिने असेच गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये आमच्या लायब्ररीत एक चिठ्ठी लावलेली दिसली. मासे पकडणाऱ्यांचा क्लब हिवाळ्यात आठवड्यातून एक संध्याकाळ माश्या बांधायला शिकवणार होता. नदीवरचा ट्राउटचा हंगाम मार्चअखेरीला सुरू होतो आणि सप्टेंबरअखेरीला संपतो, म्हणून बांधायचे काम थंडीत. फी दोन पौंड, चहा त्यातच. काय वाटले कोण जाणे, मी नाव दिले. ह्यांना सांगितले, “लायब्ररीत जाऊन येते,” आणि पेटी पिशवीत घालून निघाले.

हॉलमध्ये बारा पुरुष आणि एकटी मी. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे, पूर्वी बस चालवायचे. इथले म्हातारे कोणाही बाईला ‘लव्ह’ म्हणतात. १९७९ मध्ये भाजीवाल्याने तसे म्हटले तेव्हा मी कानकोंडी झाले होते, आता सवय झाली आहे. त्यांनी माझा व्हाइस हातात घेतला, गळ लावला आणि एका बोटाने दाबला. गळ टुणकन उडाला. त्यांनी स्क्रू आणखी पिळला, पुन्हा दाबला, पुन्हा उडाला. मग म्हणाले, “लव्ह, याचे जबडे मऊ धातूचे आहेत आणि नीट जुळतही नाहीत. यावर मलासुद्धा माशी बांधता यायची नाही.”

मैत्रिणींनो, मी परतताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. दहा महिने माझा नवरा आपल्या हाताला दोष देत बसला होता. हात कमजोर होता हे खरे, पण गळ काही हातातून निसटला नव्हता. तो निसटला होता एका दीडदमडीच्या जबड्यातून. आणि ती पेटी हौसेने आणणारी मीच.

घरी आल्यावर लगेच सांगितले नाही. म्हटले, आधी आपण शिकावे. नाहीतर हे म्हणायचे, “तू माझी समजूत घालतेस.”

पैसे कुठे घालावेत

मास्तरांनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला. तो मी वहीत लिहिला आहे आणि तुम्हीही लिहून ठेवा. जे हत्यार वस्तू धरून ठेवते, त्यावर पैसे घाला. जे सामान वापरून संपते, त्यात काटकसर करा. आपण नवशिक्या बायका नेमके उलटे करतो. भरतकामाला पंचवीस रंगांचे रेशीम आणतो आणि रिंग घेतो ती कापड ढिले सोडणारी.

व्हाइस मी तीस पौंडांचा घेतला. साधा, न फिरणारा, पण जबडे कडक पोलादाचे. दुकानात गळ लावून, बोटाने दाबून पाहिला. गळ वाकायला लागला पण निसटला नाही, तेव्हाच पैसे मोजले. दोऱ्याचे रीळ धरणारी नळी असते, तिला बॉबिन होल्डर म्हणतात. ती चार पौंडांची. नळीचे तोंड गुळगुळीत आहे ना, हे कापसाचा बोळा फिरवून पाहायचे. खरखरीत असेल तर दोरा तुटतो, आणि नवशिक्याला वाटते की आपणच जास्त ओढला.

गळही चांगल्यापैकी घ्यावेत. पंचवीस-पंचवीसची दोन पाकिटे सात पौंडांना मिळाली. एकाच मापाचे घ्या. काळा बारीक दोरा दोन पौंड. कात्री विकत घेतलीच नाही, कारण माझी भरतकामाची टोकदार कात्री होतीच. फक्त तिच्या टोकाने तार कापू नये, तार मागच्या बाजूने कापावी. डिंकाच्या जागी रंगहीन नेलपॉलिश. गाठीत डिंक सोडायची सुई म्हणजे रफूची सुई, बुचात खोचलेली.

एका वेळी एकच माशी

दुसरा नियम असा की, सामान ‘छंदासाठी’ घेऊ नये, एका माशीसाठी घ्यावे. एक नमुना निवडा, त्याला लागेल तेवढेच आणा, आणि तोच वीस वेळा बांधा. पेट्यांमध्ये पन्नास वस्तू असतात, पण बरेचदा एक माशी पुरी होईल असे त्यात काही नसते. कुठे पीस आहे तर त्या मापाचा गळ नाही.

मी पहिली शिकले ती फेझंट टेल. विल्टशरमध्ये एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर होते, त्यांनी ही माशी प्रसिद्ध केली. हिला फक्त दोन वस्तू लागतात, फेझंट कोंबड्याच्या शेपटीचे तांबूस पीस आणि केसासारखी तांब्याची तार. दोरासुद्धा नाही. तारेनेच बांधायचे, तारेनेच वजन येते आणि माशी पाण्यात बुडते. तार मला ह्यांच्याच गॅरेजातल्या जुन्या मोटारीच्या वेटोळ्यातून मिळाली. फेझंटची शिकार इथे हिवाळ्यात होते, तेव्हा खाटकाला विचारले तर तो शेपट्या फुकट देतो. एका शेपटीच्या पिसातून डझनभर माश्या सहज होतात.

सॉयर यांची दुसरी माशी तर आपल्या बायकांच्याच डब्यातली. तिला ‘किलर बग’ म्हणतात. तार आणि मोजे रफू करायची लोकर, बस! ते चॅडविक कंपनीची ४७७ नंबरची लोकर वापरत. ती बनायची केव्हाच बंद झाली, आणि आता हौशी लोक तिचे जुने कार्ड सोन्यासारखे शोधत फिरतात. मास्तर म्हणाले, “तुमच्याकडे करडी-गुलाबी लोकर असेल तर तीच वापरा. माशाला नंबर वाचता येत नाही.”

तिसरी आमच्या यॉर्कशरचीच, पार्ट्रिज अँड ऑरेंज. नारिंगी रेशमाचे अंग आणि तित्तिराच्या पिसाची एक-दीड वेढ्याची झालर. ह्या भागातल्या अशा माश्यांवर टी. ई. प्रिट यांनी १८८५ मध्ये पुस्तक लिहिले होते. पुढे ब्रॅडफर्डच्या एडमंड्स आणि ली या दोघांनी १९१६ मध्ये पुस्तक काढले, त्याच्या काही प्रतींत खरी पिसे आणि रेशमाचे तुकडे चिकटवलेले होते. वाचणाऱ्याला रंग कळावा म्हणून! गरिबाची माशी आहे ती, पण अजून मासे धरते. अंगासाठी मी भरतकामाच्या दोऱ्याच्या सहा पदरांतला एकच पदर काढून घेते.

आपल्या घरचे शिक्षण

चौथ्या आठवड्यात सशाच्या केसांची माशी होती. सशाच्या कानावरचे आखूड केस चिमटीत घ्यायचे, मेण लावलेल्या दोऱ्यावर ठेवायचे आणि अंगठा-बोटांत वळायचे. पुरुष मंडळी घामाघूम झाली. कोणी पुढे-मागे चोळत होते, कोणी केसांचा गोळाच करून ठेवला होता. मला पहिल्याच खेपेला जमले. मास्तरांनी विचारले, “कुठे शिकलात?”

काय सांगणार? आई देवापुढे बसून वाती वळायची, तिच्याजवळ बसून पाचव्या वर्षी शिकले. कापूस थोडाच घ्यायचा, एकाच दिशेने वळायचे, उलट फिरवायचे नाही. नेमके हेच तिथे हवे होते. ज्या कामाला आपण घरी काम म्हणत नाही, ते हातात कुठेतरी जमा असते, नाही का?

ह्या माशीवर सोनेरी तारेचे वेढे येतात. दुकानात त्या दोऱ्याचे रीळ मिळते. मी नीट पाहिले, तर आत धागा आणि त्याभोवती गुंडाळलेली धातूची चपटी पट्टी. म्हणजे आपली जरच की! आईचे एक लुगडे विरून गेले होते, त्याचा काठ मी ठेवून दिला होता. त्यातली वीतभर जर उसवली. सुरुवातीला जीव कचरला. मग वाटले, पेटीत काळी पडण्यापेक्षा बरी.

पिसांच्या दुकानात आणखी एक गंमत झाली. कोंबड्याच्या मानेची पिसे कातडीसकट विकतात, त्याला केप म्हणतात. एका खणात अमेरिकेत मुद्दाम पैदास केलेल्या कोंबड्यांच्या केप्स होत्या, पन्नास पौंडांच्या वर. शेजारच्या खणात सहा पौंडांच्या. त्यावर लिहिले होते, ‘इंडियन’. दुकानदार माझ्याकडे बघून थोडा चाचरला. म्हणाला, “त्या नवशिक्यांसाठी असतात.” मला हसूही आले आणि कुठेतरी टोचलेही.

मास्तरांना सांगितले तर ते म्हणाले, “पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला कडक पीस लागते, तिथे महागडे घ्यावे. पण पाण्यात बुडणाऱ्या माशीला मऊ पीस हवे. ते प्रवाहात हलते, म्हणून मासा फसतो. तिथे पन्नास पौंडांचे कडक पीस फुकट गेले.” तेव्हा नवशिक्याने सुरुवात बुडणाऱ्या माशीपासून करावी. सोपी, स्वस्त, आणि तिला आपली सहा पौंडांची कोंबडीच बरी.

मोरपिसांचेही सांगते. मोराच्या पिसाची हिरवी-तांबूस काडी माशीच्या अंगाला फार वापरतात. माहेरी देवघरात मोरपिसांची जुडी आहे. वाटले, पुढच्या खेपेला आणू. भावाने वेळीच सांगितले, “ताई, मोरपीस देशाबाहेर न्यायला बंदी आहे.” तेव्हा परदेशी असलेल्या मुला-नातवंडांसाठी कौतुकाने मोरपीस पाठवू नका. इथे पाळलेल्या मोरांची पिसे दुकानात मिळतात.

एकदा मास्तरांनी डबीतून एक पीस काढले. लहानसे, आणि त्यावर मेणाचा थेंब पडावा तसा पिवळसर चकाकता ठिपका. सालमन माशाच्या जुन्या डौलदार माश्यांत ‘जंगल कॉक’ म्हणून त्याला फार मान. मी हातात घेतले आणि ओळखले. आमच्या आंबोलीच्या घाटात पहाटे ओरडतो तो राखाडी रानकोंबडा! भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. इथे आता पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची पिसे विकतात आणि ती महाग असतात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊच नये. पण त्या थंडगार हॉलमध्ये ते पीस तळहातावर घेऊन मी क्षणभर माहेरी जाऊन आले.

पिसांची निगा

स्वस्तात मिळालेले सामान कसरीने खाल्ले तर महागच पडले. खाटकाकडची सुटी पिसे कोमट साबणाच्या पाण्यात धुवावी, पूर्ण वाळवावी, मग पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावी. नवी पिसे कधीही थेट जुन्यांत मिसळू नयेत. प्रत्येक प्रकार वेगळ्या बंद पिशवीत. वाकडी झालेली पिसे किटलीच्या वाफेवर धरली की सरळ होतात. आणि मेलेला पक्षी रस्त्यावर दिसला तर पिसांच्या लोभाने उचलू नका. अलीकडे इथे बर्ड फ्लूची भीती आहे.

एकूण हिशेब असा झाला. व्हाइस ३०, नळी ४, गळ ७, दोरा २, केप ६, सशाचे कातडे ४. मिळून ५३ पौंड. पेटीपेक्षा आठ पौंड जास्त, आणि वस्तू जेमतेम सहा. पण यातून पन्नास माश्या होतात, आणि नंतर फक्त गळच आणायचे. मात्र खरे ते सांगते. ‘पैसे वाचतील’ म्हणून हा छंद धरलेले आमच्या वर्गातले पुरुष आता घरी कपाटे भरून बसले आहेत. पैसे वाचतात ते हात आवरणाऱ्याचे.

ह्या कामात बायका कमी, असे वाटत असेल तर तेही खरे नव्हे. अमेरिकेत मेन राज्यातल्या कॅरी स्टीव्हन्स बायकांच्या हॅट करायच्या. त्यांनी १९२४ मध्ये आपणच बांधलेल्या माशीने सहा पौंड तेरा औंसांचा ट्राउट धरला आणि नाव मिळवले. त्या तर व्हाइसही वापरत नसत, हातातच धरून बांधायच्या. स्कॉटलंडच्या मेगन बॉइड यांना १९७१ मध्ये ब्रिटिश एम्पायर मेडल जाहीर झाले. कुत्र्याकडे बघायला कोणी नाही म्हणून त्या समारंभालाच गेल्या नाहीत! घर सोडून निघताना जिचा पाय अडतो, तिला हे वेगळे सांगायला नको.

आता पुढची गोष्ट

फेब्रुवारी २०२० मध्ये एका संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलाला नवा व्हाइस बसवला, शेजारी जुना. माझ्या हातच्या पाच माश्या बशीत ठेवल्या आणि ह्यांना हाक मारली. “अहो, जरा इकडे या.”

सगळे सांगितले. जुन्यात गळ लावून दाबायला लावले. तो उडाला. मग नव्यात. तो हलला नाही. हे बराच वेळ आलटून पालटून दोन्ही दाबत होते. शेवटी माझ्यावरच चिडले. “तीन महिने लपवून ठेवलंस?” मी म्हटलं, “हो. लगेच सांगितलं असतं तर पटलं असतं का?” त्यावर काही बोलले नाहीत.

आम्ही फेझंट टेलनेच सुरुवात केली. तिचे कारण मास्तरांनीच सांगितले होते. दोरा सोडला की सुटतो, पण तार सोडली तरी जागच्या जागी राहते. बोटे थकली की थांबता येते. पहिल्या माशीला पाऊण तास लागला, आणि झाली ती कळ्या फसलेल्या मोदकासारखी. ह्यांनी ती दिव्यासमोर धरून पाहिली आणि म्हणाले, “अजून एक तार दे.”

मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी आली. दारे बंद, वर्ग बंद, मुलगा तिकडे कार्डिफला. आम्ही दोघे टेबलाच्या दोन बाजूंना बसून माश्या बांधत होतो. इस्पितळातल्या बाईंनी सांगितलेले बोटांचे व्यायाम ह्यांनी आपणहून पुन्हा सुरू केले, कारण पिसाच्या काड्या धरायला चिमूट हवी होती. उजवा हात पूर्वीसारखा झाला असे म्हणणार नाही. शर्टाचे वरचे बटण अजून मीच लावते. पण चहाचा कप हे आता त्याच हाताने उचलतात.

मे महिन्यात नदीवर जायची परवानगी मिळाली. मी गाडी चालवत ह्यांना व्हार्फवर घेऊन गेले. काठी डाव्या हातात, दोरी उजव्यात. मी काठावर थर्मास घेऊन बसले होते. तासाभराने एक लहानसा ट्राउट लागला. ह्यांनी तो पाण्यातच गळावरून सोडवला, थोडा वेळ प्रवाहात धरला आणि जाऊ दिला. परत आले तेव्हा मला वाटले, माशाचे वर्णन ऐकायला मिळेल. हे एवढेच म्हणाले, “तार सुटली नाही बघ.”

म्हणून मैत्रिणींनो, आज वेळ काढा आणि माळ्यावरचा तो डबा खाली उतरवा. रिंग ढिली आहे का, सुईचे नेढे खरखरीत आहे का, कात्री कापते की चावते, ते आधी पाहा. हाताला दोष देण्याआधी हत्याराची झडती घ्या. आणि घरात कोणी नवे काही शिकू पाहात असेल, मग तो नातू असो, सून असो की आजारातून उठलेले माणूस, तर त्याला सामान थोडे द्या, साधे द्या, घरातले जुनेपाने द्या. पण जे धरून ठेवायचे असते ते तेवढे पक्के द्या.

ती ४५ पौंडांची पेटी अजून आहे. पिसे वापरून संपली, चमकीचे दोरे शेजारच्या मुलीने नेले. रिकाम्या पेटीत आता आम्ही बांधलेल्या माश्या ठेवतो. व्हाइस मात्र मी स्वतः कचऱ्यात टाकला. दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून, दानपेटीतसुद्धा नाही.